सत्तर पानं आणि बँडवाल्याचे हातमोजे

मी मानसशास्त्रात पीएच.डी. करतो असं सांगितलं की त्या काळी चंद्रपुरात दोनच गोष्टी घडत. एक तर समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरके आणि विचारी, "म्हंजे आमच्या मनातलं वाचता का जी?" नाहीतर तो अर्धं पाऊल पुढे येई आणि आवाज उतरवून विचारी, "घरी कोणाले झाला होता का तसा तरास?" माझे वडील राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत होते. त्यांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं, की ते म्हणत, "शिकूनच राह्यला अजून." त्या 'अजून'मध्ये माझी सगळी शैक्षणिक वाटचाल आली.

मनातलं वाचणं दूरच, मला स्वतःचं लक्षसुद्धा धड सांभाळता येत नव्हतं, आणि माझा विषय नेमका तोच होता: अवधान. नागपूरला आमच्या प्रयोगशाळेत अवधान-विभाजनाचा प्रयोग असे. प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालला आहे त्यानं, एकीकडे मनात बेरजा करायच्या आणि दुसरीकडे मोठ्यानं धडा वाचायचा. मी प्रयुक्त झालो तेव्हा बेरजा चुकल्या, धडा चुकला, आणि टेबलावरचा पाण्याचा पेला वेगळाच सांडला. मग मी वहीत निष्कर्ष लिहिला की माणसाला एकाच वेळी मोजता आणि बोलता येत नाही. सरांनी शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'माणसाला की तुम्हाला?'

ती शंका डोक्यात राहिली. त्याच उन्हाळ्यात एका लग्नासाठी मी सिंदेवाहीच्या पुढे मावशीच्या गावी गेलो; ती तिथल्या शाळेत मास्तरीण होती. मे महिना, तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, हंगाम. बाया पहाटे जंगलात जात, टेंभुर्णीची पानं तोडून उन्हं चढायच्या आत परत येत आणि दुपारभर अंगणातल्या मांडवाखाली बसून पुडे बांधत. एका पुड्यात सत्तर पानं. कमी नाही, जास्त नाही. संध्याकाळी ते पुडे फळीवर न्यायचे. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथे ठेकेदाराचा मुन्शी पुडे तपासून घेई आणि ते उन्हात वाळायला रांगांनी लावले जात.

मावशीच्या घरासमोर एक बाई पुडे बांधत होती. पन्नाशीची असेल. डाव्या हातात पानं, उजव्या हाताची बोटं देठांवर, आणि तोंडानं शेजारणीशी भांडण. शेजारणीच्या बकरीनं हिची वांगी खाल्ली होती. भांडणाला चांगली चढती लय होती. बकरीचं कुळ निघालं, शेजारणीचं निघालं, आणि मधे कुठेच न थांबता ती बाई पुडा बांधून बाजूला ठेवी आणि नवा घेई. मी एक पुडा उचलून सोडला आणि मोजला. सत्तर. दुसरा सोडला. सत्तर.

शेजारणीनं भांडण थांबवून विचारलं, "हा कोण हाय वं, सोडून राह्यला तो?"

"मास्तरणीचा भाचा," बाई म्हणाली. "शिकून राह्यला अजून."

वडिलांचा शब्द माझ्याआधी गावात पोचला होता.

तिसऱ्या पुड्यात मला एकोणसत्तर पानं मिळाली. मला झालेला आनंद आज सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "बाई, एक कमी आहे." तिनं पुड्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "उठा जरा." उठलो. पान माझ्या बुडाखाली होतं.

मग तिनं शांतपणे मला एक गोष्ट सांगितली, आणि ती मला कळायला हवी होती त्यापेक्षा कमी कळली. "भाऊ, तुमी सोडता त्याचं काई नाई. पर फळीवर माझा पुडा कोणी सोडत नाई. पंधरा वर्स झाले." शेजारणीनं लगेच साक्ष दिली. बाकी सगळ्यांच्या पुड्यांतले दोन-चार मुन्शी सोडून मोजायचा. हिचे न बघता रांगेत जायचे. मुन्शी बदलले तरी आधीचा नव्याला तेवढं सांगून जायचा. त्या बाईकडे एक खोली, थोडी धानाची बांधी आणि ही गोष्ट होती. आणि या तिसऱ्या गोष्टीचं नाव काढताना तिचा आवाज बदलत असे.

मी नागपूरला जाऊन सरांना सांगितलं, विषय सापडला. पुढच्या उन्हाळ्यात घड्याळ, कोरे तक्ते आणि अंगात नको इतका उत्साह घेऊन मावशीकडे मुक्काम ठोकला.

पहिल्या दिवशी मी बाईंना समजावलं की त्या आता प्रयुक्त आहेत. शेजारीण तिथेच होती. बकरीचं प्रकरण मिटलं होतं आणि दोघी आता एकत्र बसून तिसऱ्याच कुणाला तरी नावं ठेवत होत्या.

"परयुक्त म्हंजे काय जी?" शेजारणीनं विचारलं.

"ज्याच्यावर प्रयोग करतात तो."

"म्हंजे कॉलेजात बेडूक कापते तसा?"

"कापत नाही. फक्त विचारतो."

"मंग बेडूक बरा," बाई म्हणाली. "त्याले बोलावं तर नाई लागत."

पहिला प्रयोग असा: मी आकडे म्हणायचे, बाईंनी ते माझ्यामागे मोठ्यानं म्हणायचे आणि हातानं पुडा बांधायचा. तोंडात दुसरे आकडे कोंबले की मनातली मोजणी विस्कटलीच पाहिजे, असं पुस्तक सांगत होतं. मी म्हटलं, "आठ, तीन, सहा." बाई म्हणाली, "आठ, तीन, सहा." रस्त्यानं जाणाऱ्या एकीनं विचारलं, "काऊन वं, शाळेत नाव टाकलं का?" बाई हसली, मी हसलो, आकडे चालू राहिले. दहा पुडे झाले. मी सगळे सोडून मोजले, प्रत्येक पुडा दोनदा, कारण माझीच मोजणी दर पुड्याला चुकत होती. दहाच्या दहा सत्तर.

दुसरा प्रयोग त्याच्या उलट. मी चिंचोक्यांचा ढीग पुढे ठेवला आणि म्हणालो, यातून सत्तर मोठ्यानं मोजून द्या. बाई शाळेत गेलेली नव्हती. ती विसा-विसानं मोजायची. सत्तर म्हणजे तीन इसा अन् दहा. तिनं मोजायला सुरुवात केली. दुसरा इसा संपता संपता शेजारणीनं विचारलं, "आज भाजी कायची केली?" बाई म्हणाली, "आंबाडीची," आणि थांबली. चिंचोक्यांकडे पाहत राहिली. "गेलं," म्हणाली.

तीन वेळा असंच झालं. तोंडानं मोजताना एका भाजीनं तिचा हिशेब मोडला. हातानं मोजताना अख्खं भांडण झालं तरी एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं.

मी घड्याळ बंद केलं. उन्हाची झळ मांडवाच्या काटक्यांतून खाली उतरत होती आणि माझ्या हातावर काटा उभा होता. एम.ए.ची दोन वर्षं आणि पीएच.डी.चं एक, एवढा काळ मी लक्ष, स्मृती, आकडा हे सगळं कपाळामागच्या एका खोलीत बसवून ठेवलं होतं. या बाईची एक मोजणी तोंडात राहत होती आणि दुसरी कुठेतरी वेगळीकडे, आणि दोघींची ओळखसुद्धा नव्हती.

प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी आम्ही प्रयुक्ताचा अंतर्निरीक्षण अहवाल लिहितो, म्हणजे प्रयोग चालू असताना त्याला आतून काय वाटलं ते. मी पेन सरसावून विचारलं, "बाई, सत्तर झाले हे तुम्हाला कळतं कसं?"

"मोजत नाई मी."

"मग?"

"हात भरला का बांधते."

तेवढाच अहवाल. मी तो तसाच लिहिला आणि खाली रेघ मारली.

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. माझ्यातला प्रयोगकर्ता जागा झाला होता. मोजणी हातात असेल, तर हात झाकून पाहायला हवा. मला हातमोजे हवे होते. मे महिन्यात, सिंदेवाहीच्या पुढे. थंडीतसुद्धा तिथे कुणी हातमोजे घातलेले मी पाहिले नव्हते. मग आठवलं, लग्नाच्या बँडवाल्यांकडे असतात. एस.टी.नं मूल गावाला गेलो. हंगाम लग्नांचा, त्यामुळे एकही वाजवणारा मोजे काढून द्यायला तयार नव्हता. शेवटी सनईवाल्यानं एक जुनी जोडी दिली. पांढरी होती, एका पंज्यावर हळदीचा डाग, आणि बोटं एवढी लांब की सनईवाल्याबद्दल आदर वाटावा. परतीच्या एस.टी.त ती मांडीवर घेऊन बसलो असता मला शब्दाचाच चमत्कार वाटला: हातमोजे. हात मोजे. भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं आणि मी त्यासाठी मूलपर्यंत गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मोजे घातले. शेजारीण हसून मांडवाच्या खांबाला टेकली. "कोणाची वरात काढून राह्यली वं?" बाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बाईंची बोटं पानांवर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. तिनं एक पुडा बांधला आणि तो हातात धरून कितीतरी वेळ पाहिला. "हा नाई भरला," म्हणाली. "का जास्त भरला. समजत नाई जी."

"तेच तर पाहिजे," मी म्हणालो. खरंच तसं म्हणालो. "चालू द्या."

तिनं नऊ पुडे बांधले. मी वहीत नऊ उभ्या रेघा मारल्या. पुडे बाजूला घेऊन, सोडून, मोजून, पानं तिला परत द्यायची असं ठरलं होतं. तिनं मोजे काढले, ते नऊ पुडे माझ्याजवळ ठेवले आणि म्हणाली, "हे तुमचे. फळीवर जायचे नाईत." मी म्हणालो, काळजी करू नका. मग ती नळावर गेली. मावशीनं दिलेली भाताची थंड पेज मी दोन पेले प्यालो होतो. मांडवाची सावली, मे महिन्याची दुपार. अवधान या विषयाचा संशोधक, नऊ पुड्यांना उसं करून, झोपला.

जागा झालो तेव्हा उन्हं कलली होती आणि डोकं जमिनीवर होतं. मांडवाखाली एकही पुडा नव्हता. फक्त हातमोजे होते. ते नऊ वेगळे ठेवायचे हे शेजारणीला माहीत नव्हतं; तिनं चांगुलपणानं दोघींचे पुडे टोपल्यांत भरले होते. माझ्या डोक्याखालचेसुद्धा अलगद काढून घेतले होते, मास्तर झोपला हाय, उठवू नका म्हणत. बाई नळावरून परस्पर फळीवर गेली होती. मी तसाच पळालो. हातमोजे का उचलले ते माहीत नाही, पण गावातून पळताना ते माझ्या हातात फडफडत होते.

फळीवर पोचलो तेव्हा तिथे आवाज नव्हता, आणि एवढ्यानंच मला कळलं. एरवी तिथे साठ-सत्तर बाया एकाच वेळी बोलत असायच्या. मुन्शी उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर एक सुटलेला पुडा होता. बांधणी ढिली म्हणून त्यानं सहज उचलला, पानं निसटली, आणि मोजायला लागलं.

"त्रेसष्ट," तो बाईंना म्हणत होता. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाई, तुमीबी?"

बाई सुटलेल्या पानांकडे बघत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे दीडशेच्या वर पुडे बाकीच्यांपासून वेगळे, मैदानाच्या कडेला काढून ठेवले होते. मुन्शी म्हणाला, "उद्यापासून तुमचेबी सोडा लागन. काय करू?"

मी पुढे झालो आणि धापा टाकत म्हणालो, "हे माझ्या प्रायोगिक हस्तक्षेपामुळे झालं आहे. स्पर्शसंवेदनेवर नियंत्रण ठेवल्यामुळे प्रयुक्ताच्या..."

"काय म्हणते हा?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हणते का गलती त्याची हाय," बाई म्हणाली. माझ्या प्रबंधातल्या कुठल्याही परिच्छेदाचा यापेक्षा चांगला सारांश पुढे कुणी केला नाही.

मी हातमोजे दाखवले आणि नऊ पुड्यांचं सांगितलं. बायांनी ते हातोहात फिरवले. मुन्शीनं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "मास्तर, समजलं. पर या ढिगात तुमचे आठ अजून हायेत. कोणते?"

"मी सगळे सोडून मोजतो," मी म्हणालो आणि लगेच बसलो. पहिल्या पुड्याला चौऱ्याहत्तर आले. मुन्शीनं मोजले तर सत्तर. दुसऱ्याच्या मध्यावर कुणीतरी खोकलं आणि मी विसरलो. दीडशे पुडे माझ्यासमोर होते, उजेड तासाभराचा होता आणि त्या बाईची पंधरा वर्षं माझ्या बोटांवर अवलंबून होती.

"उठा भाऊ," बाई म्हणाली.

ती ढिगाजवळ बसली. एक पुडा उचलला, तळहातावर जरासा झेलला, डावीकडे ठेवला. दुसरा. डावीकडे. तिसरा. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, समोरच्या सागाच्या झाडांकडे बघत होती. ओळखीच्या माणसांच्या खांद्यावर हात ठेवत कुणी गर्दीतून जावं, तसा हात चालला होता. मग एक पुडा उजवीकडे गेला. मुन्शीनं तो सोडला. सदुसष्ट. आणखी वीस-पंचवीस डावीकडे, मग एक उजवीकडे. एकाहत्तर. एक पान जास्त होतं. सत्तर पानांत एका पानाचं वजन ते काय, आणि तेही उन्हात अर्धवट सुकलेल्या पानाचं. मुन्शी आता मोजताना माझ्याकडे बघत होता, जणू मी याचा काही खुलासा करणार होतो. माझ्याकडे खुलासा नव्हता. आजही नाही. मी पुस्तकांतून त्याला देण्याजोगी दोन-तीन लांब नावं पुढे शिकलो, पण तिच्या तळहातावर ते एकाहत्तरावं पान जड झालं तेव्हा आत काय घडलं, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

आठ पुडे उजवीकडे गेले. सगळे चुकीचे. मी सुटकेचा श्वास टाकला. अजून पंधरा-वीस शिल्लक होते. ते ती झेलत राहिली आणि शेवटून तिसरा पुडा तिनं उजवीकडे ठेवला.

"बाई, आठच आहेत," मी वहीतल्या रेघा दाखवत म्हणालो. "एक इथे सुटलेला, आठ ते. नऊ झाले."

मुन्शीनं नववा सोडला. मोजला. पुन्हा मोजला. "सत्तर हायेत," तो हळूच म्हणाला.

बायांमध्ये चुळबुळ झाली. शेजारणीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, झालं. आठ बरोबर सांगूनही आता लोक हा एकच लक्षात ठेवणार.

"सत्तरच हायेत," बाई म्हणाली. "पर हा मी नाई बांधला."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि मग मला आठवलं. त्याच दुपारी, बाईंनी मोजे घालायच्या आधी, सवयीनं मी तिचा एक पुडा सोडून मोजला होता आणि माझ्या हातानं परत बांधून ढिगावर टाकला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नव्हतं. मी तसं कबूल केलं. या वेळी एकही मोठा शब्द सापडला नाही.

मुन्शी उठला. डावीकडचा ढीग त्यानं स्वतः उचलायला घेतला, न बघता, नेहमीसारखा. "झालं बाई. जाऊ द्या. उद्या काई सोडत नाई."

"एक सोडा," बाई म्हणाली.

"काऊन? गरज नाई."

"सर्वांपुढं सोडा. कोणताबी."

तो थांबला. मग त्यानं ढिगाच्या तळातून एक पुडा ओढून काढला, दोरी सोडली आणि मोठ्यानं मोजू लागला. दहापर्यंत तो एकटा होता. मग शेजारणीनं सूर धरला, मग दुसरीनं, आणि पहिला इसा होईपर्यंत सगळ्या बाया त्याच्याबरोबर मोजत होत्या, कुणी आकड्यांत, कुणी इसांत, दोन्ही मोजण्या एकमेकींत मिसळून. फक्त बाई मोजत नव्हती. ती पदरानं हात पुसत उभी होती. दुसरा इसा झाला. तिसरा झाला. मुन्शीच्या हातातला गठ्ठा बारीक होत गेला. तीन इसा अन् आठ. नऊ. दहा.

त्याचा हात रिकामा झाला. एकदम सगळ्या बोलू लागल्या.

बाईनं खाली बसून पानं गोळा केली, चार हालचालींत पुडा बांधला आणि स्वतःच्या हातानं रांगेत नेऊन ठेवला. मुन्शी पुढच्या बाईच्या टोपलीकडे वळला आणि तिचा एक पुडा सोडायला घेतला.